तुम्ही मिर्ची का सालन आहात का? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायला काही यावं लागत नाही. हातात मोबाइल हवा आणि सुलतान बाजार ते हायटेक सिटी एवढा मेट्रोचा प्रवास हवा. एमजीबीएसला लाल लाइन धरायची, अमीरपेटला निळी. मधल्या जिन्यांवरची रेटारेटी सोडली तर तेवढ्या वेळात चाळीस प्रश्न सहज होतात. चढताना तुम्ही साधे नोकरदार असता, उतरताना दूरदर्शी सेनानी किंवा हळवे मध्यस्थ झालेले असता. पगार तोच.

अवघड असतं ते घरच्या मोठ्या माणसांना निकाल समजावणं. माझी आत्या कुतबीगुड्यात राहते. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि तेव्हापासून हौसेनं पत्रिका जुळवते. तिची नात माधापूरच्या एका कंपनीत आहे. दसऱ्याच्या सुट्टीत या नातीनं 'तुम्ही हैदराबादचा कोणता पदार्थ आहात?' अशी चाचणी बनवली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून आजीला धरलं. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. खालचं सगळं शास्त्र त्या बैठकीतून निघालेलं आहे.

उत्तरं देताना

प्रत्येक विधानापुढे पाच गोळे असतात, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन माणसानं १९३२ साली मांडली. जग त्याला लायकर्ट म्हणतं. त्याला स्वतःला लिकर्ट हवं होतं, पण यावर कुणी त्याचं मत पाच गोळ्यांत घेतलं नाही.

हैदराबादेत या पाच पायऱ्यांची पंचाईत होते. इथे 'हौ' आहे आणि 'नक्को' आहे. हा 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको', क ला क जोडून दख्खनीत कायमचा राहायला गेलेला. मधली पायरी 'देखेंगे'. चौथी-पाचवी कुणाला लागत नाही. त्यातून 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही किती वेळा चिडलात?' असा प्रश्न आला तर सोडूनच द्या. हैदराबादी माणूस 'परसों' म्हणेल, आणि त्याच्या परसोंमध्ये परवापासून निजामाच्या राजवटीपर्यंत काहीही बसतं.

'हौ' म्हणायची ही सवय चाचणी बनवणाऱ्यांना ठाऊक असते. समोरच्याला नाही म्हणायचं जिवावर येणारी माणसं जगभर आहेत. म्हणून अर्धी विधानं उलटी घालतात. एकीकडे 'अनोळखी माणसाशी बोलायला मला वेळ लागत नाही', दुसरीकडे 'फोन वाजला की मला वैताग येतो'. उलट्या विधानाचे गुण सहातून वजा करून धरायचे: पाच दिलेत तर एक, दोन दिलेत तर चार. त्यामुळे सगळ्याला डोळे मिटून हौ म्हणणारा माणूस बरोब्बर मध्यावर येऊन बसतो आणि त्याला 'तुमचं व्यक्तिमत्त्व समतोल आहे' असं प्रशस्तिपत्र मिळतं.

आत्याची गप्पिष्टपणाची चार उत्तरं बघा. अनोळखी माणसाशी बोलणं, चार. कार्यक्रमात शेवटपर्यंत थांबणं, पाच. आभारप्रदर्शनसुद्धा ती ऐकते. फोनचा वैताग, दोन, म्हणजे उलटून चार. चौथं विधान 'एकटं बसायला मला फार आवडतं'. इथे ती अडली.

"केव्हा?"

"केव्हा म्हणजे? एकंदरीत, आजी."

"एकंदरीत कोण बसतं? दुपारी दोन ते चार आवडतं. संध्याकाळी घर खायला उठतं."

दुपार आणि संध्याकाळ यांची सरासरी काढायला गोळे पुरले नाहीत. नातीनं चार दाबलं, उलटून दोन. बेरीज पंधरा. चार प्रश्नांत कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त वीस मिळू शकतात, म्हणून पंधरातून चार गेले अकरा, भागिले सोळा. पडद्यावर आलं: गप्पिष्टपणा ६९ टक्के.

या टक्क्यांचं काय करायचं

पहिली चूक इथे होते. ६९ टक्के म्हणजे शंभरांतल्या ६९ जणांपेक्षा जास्त गप्पिष्ट, असं नव्हे. पट्टीवर किती अंतर चाललात तेवढंच तो आकडा सांगतो. कुतबीगुड्यातले बाकीचे सगळे ८५ वर असतील तर आत्या गल्लीतली सगळ्यात घुमी ठरेल. टक्के वेगळे आणि पर्सेंटाइल वेगळं, हे एमसेट या प्रवेशपरीक्षेच्या रँकवर पोसलेल्या या शहरात बापाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. तोच बाप व्यक्तिमत्त्वाचा निकाल आला की दोन्ही एकच धरतो. दुसऱ्यांशी तुलना करायची तर दुसऱ्यांचे गुण जवळ हवेत, आणि नातीकडे तोवर एकच गिऱ्हाईक होतं.

दुसरी चूक जास्त प्रतिष्ठित आहे. ती कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत चहा-बिस्किटांबरोबर मिळते. कार्ल युंगनं १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर पुस्तक लिहिलं. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी चार अक्षरांची चाचणी रचली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, एकूण सोळा प्रकारची माणसं. खोडी आहे ती मधल्या रेघेत. ५१ वाला बहिर्मुख, ४९ वाला अंतर्मुख. बरं, गुणांचा आलेख काढला तर दोन टेकड्या आणि मधे दरी असं काही दिसत नाही. एकच टेकडी दिसते आणि गर्दी तिच्या माथ्यावर, म्हणजे रेघेच्या आसपासच असते. नयापुलावर मुसीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला 'तू जुन्या शहरातला की अलीकडचा?' असं विचारून त्यावर त्याची बढती ठरवावी, तसं हे आहे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. अमीरपेटच्या जिन्यात कुणी पायावर पाय दिला असेल तर जास्तच. मानसशास्त्रज्ञ म्हणूनच पाच गुणांच्या पट्ट्या पसंत करतात. त्यात प्रत्येक गुणाचा नुसता आकडा मिळतो, पण आकडा टी-शर्टवर छापता येत नाही.

जुळवणी

आता मुख्य भाग. वही घ्या.

नातीनं तीन गुण धरले होते: गप्पिष्टपणा, तिखटपणा, सबुरी. आत्याचे आले ६९, ५५, ३८. पदार्थांचे गुण तिनं मैत्रिणींना विचारून आधीच ठरवले होते. बिर्याणी ८०, ६०, ९०, कारण दमावर ठेवायचं तर सबुरी लागतेच. मिर्ची का सालन ५०, ९०, ४०. डबल का मीठा ७०, १०, ६०. उस्मानिया बिस्कीट ३०, १०, ८०.

प्रत्येक पदार्थाशी तिन्ही गुणांतले फरक काढायचे, फरकांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ घ्यायचं. सालनशी फरक १९, ३५ आणि २. वर्ग ३६१, १२२५ आणि ४, बेरीज १५९०, वर्गमूळ जवळजवळ ४०. डबल का मीठा ५० वर, बिर्याणी ५३ वर, उस्मानिया ७३ वर. सगळ्यात कमी अंतर सालनचं. शाळेत शिकलेलं पायथागोरसचं प्रमेय एवढ्यासाठीच होतं, हे आत्याला चाळीस वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं.

पण "तुमचं अंतर ४० आहे" असं सांगून कुणी स्क्रीनशॉट पाठवत नाही. म्हणून अंतराचे टक्के करायचे. तीन पट्ट्यांवर दोन टोकांमधलं जास्तीत जास्त अंतर १७३ पडतं. त्याला भागून शंभरातून वजा केलं की सालनशी जुळणी ७७ टक्के. छान वाटतं ना? आता चौघांत सगळ्यात दूरचं उस्मानिया बिस्कीट बघा: ५८ टक्के. ज्याच्याशी आत्याचं कशातच पटत नाही, तेही फर्स्ट क्लासच्या दोन टक्केच खाली. छेद केवढा घ्यायचा हे बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि तो सढळ हातानं घेतो. १७३ अंतर पडायला एक माणूस तिन्ही पट्ट्यांवर शून्य आणि दुसरा तिन्हींवर शंभर हवा. असे दोघे हैदराबादेत भेटणं कठीण.

इथे आत्यानं चष्मा काढला. "आणि कुणाशीच जुळलं नाही तर?"

नातीला प्रश्नच कळला नाही. जवळचं काहीतरी असतंच ना! चार पदार्थ ठेवलेत तर चारांतला एक जवळचा निघणारच, मग तो मैलभर लांब का असेना. या चाचण्यांत 'क्षमस्व, तुमच्यासारखं आमच्याकडे काही नाही' असा निकाल नसतो. आत्याच्या शास्त्रात तो असतो. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. एकूण ३६ गुण आणि १८ च्या खाली स्थळ परत. शिवाय तिथे गोळे दाबायचे नसतात. जन्मवेळेचा चंद्र कुठल्या नक्षत्रात होता एवढंच बघतात, तुम्ही स्वतःला किती मनमिळाऊ समजता हे कुणी विचारत नाही.

म्हणून पत्रिका खरी, असं समजू नका. पुण्यात जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन, ज्योतिषांची परीक्षा घेतली होती. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या: हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं, ओळखा. निकाल नाणं उडवून आला असता त्याहून बरा नव्हता. हे २००९ मध्ये छापूनही आलं. आत्याला मी हे सांगितलेलं आहे. ती म्हणाली, ते पुण्याचे ज्योतिषी.

वजन

"आणि तुझ्यात नाडी कुठाय?" हा आत्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो चाचणीशास्त्राच्या वर्मावर होता. वर्णाला एक गुण आणि नाडीला आठ, म्हणजे सगळे गुण सारख्या वजनाचे नाहीत, हे तिला पाठ आहे. नातीनं तिन्ही पट्ट्या एकाच मापानं तोलल्या होत्या.

"मग आजी, कशाला किती वजन देऊ?"

"सबुरी काढून टाक. माणसाला सबुरी असते का नसते, ते प्रसंगावर आहे."

सबुरी काढली. उरले दोन गुण. सालनशी अंतर पूर्वीइतकंच, ४०. बिर्याणीशी फक्त ११ आणि ५ चा फरक. अंतर १२, जुळणी ९१ टक्के. ज्या बाईला तांदूळ भिजेपर्यंत दम निघत नाही ती एका फटक्यात दम बिर्याणी झाली. उत्तर एकही बदललेलं नाही. आत्या शाकाहारी आहे, तेव्हा निकालाखाली 'व्हेज' लिहायची तिनं अट घातली. नातीनं सांगितलं की हैदराबादेत व्हेज बिर्याणी नावाची वस्तू नसते, तिला पुलाव म्हणतात. त्यावरून अर्धा तास गेला.

आणखी एक: निकालाखालचा मजकूर मनावर घेऊ नका. 'वरून तुम्ही तिखट वाटता, पण आतून हळव्या आहात' हे वाचून आत्याचे डोळे भरून आले होते. ते वाक्य नातीनं चारही पदार्थांखाली घातलं होतं. युक्ती जुनी आहे. १९४८ मध्ये, इकडे हैदराबाद संस्थान भारतात आलं त्याच वर्षी, तिकडे बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास विश्लेषण' म्हणून कागद दिला. किती पटलं? पाचांपैकी सरासरी ४.२६. सगळ्यांचे कागद एकच होते, आणि मजकूर त्यानं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. हे मी त्या संध्याकाळी बोललो नाही. आत्या डोळे पुसत होती.

चहा झाला. आत्यानं बिर्याणीचा स्क्रीनशॉट मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि कपाटातून दुसरा कागद काढला. नातीसाठी नांदेडहून स्थळ आलं होतं. १९५६ पर्यंत नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे आमच्याकडे स्थळं अजून तिकडूनच येतात. मुलगा चांगला, घर माहितीतलं, आत्याच्या मनात भरलेलं. गुण साडेसतरा. नाडी एक, म्हणून नाडीचे आठच्या आठ गेलेले. चंद्र मात्र मुलाच्या जन्माच्या सकाळी एका नक्षत्रातून दुसऱ्यात जायच्या अगदी बेतात होता, आणि पुढच्या नक्षत्राची नाडी वेगळी.

आत्यानं फोन लावला. "नमस्कार वहिनी, हैदराबादहून बोलतेय. नाही, सगळं छान आहे. एवढंच विचारायचं होतं, सात बावीस म्हणजे बावीसच का हो? की दवाखान्यातलं घड्याळ जरा मागे होतं?"