बंड, रात्री दहापर्यंत

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आवाज रोज येतो. त्याला पाइपलाइन लागत नाही, निविदा लागत नाही, आणि 'आज आवाज येणार नाही, नागरिकांनी सहकार्य करावे' अशी जाहीर सूचना आम्ही तरी कधी वाचलेली नाही. वरात, मिरवणूक, नगरसेवक होऊ घातलेल्या कुणाचा तरी वाढदिवस, काहीही पुरतं. ट्रकवर पेट्या चढतात आणि आमच्या खिडकीच्या काचा आपणहून ताल धरतात. इतका माल दाराशी फुकट पडत असताना एक माणूस काही हजारांचं तिकीट काढून, साडेचारशे किलोमीटर रेल्वेने जाऊन, मुंबईच्या उन्हात उभा राहून आवाज ऐकतो म्हटल्यावर गल्लीने 'येडं झालंय' एवढा निकाल दिला आणि विषय मिटवला. आम्हाला दर आठवड्याला सदर भरायचं असतं. म्हणून आम्ही त्याच्यासोबत गेलो.

हा माणूस म्हणजे आमचा शेजारी. वय अडतीस, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा बेताचा कारखाना. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड आणि उधारी मागताना हिंदी, अशा चार भाषा तो न अडखळता बोलतो. पाचवी त्याच्या कानात शिरली 2004 मध्ये. त्या वर्षी 'ग्रीन डे' या कॅलिफोर्नियाच्या पंक बँडचा 'अमेरिकन इडियट' हा अल्बम आला, आणि कॉलेजातल्या कुणीतरी तो सायबर कॅफेत उतरवून सीडीवर भरून दिला. इराकमधलं युद्ध, चोवीस तास किंचाळणारा टीव्ही, त्यावर माना डोलावणारा देश, या सगळ्यावर चिडलेला तो अल्बम. त्यात सोलापूरच्या पोराला स्वतःचं काय सापडलं?

''मामा, बापानं अकाउंट्सच्या क्लासला बसवलं होतं. चिडायला आणि काय लागतंय?''

घरच्यांच्या नाकावर टिच्चून नको ते गाणं जवळ करणं सोलापूरला नवं नाही म्हणा. पेशवाईच्या उत्तरार्धात याच गावचे राम जोशी पुराणिकाच्या घरात जन्मून तमाशाच्या फडात रमले आणि थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढलं. आज आपण त्यांना मानाने लोकशाहीर म्हणतो. बंडखोराला सोलापुरात मान मिळतो, फक्त दोनशे वर्षं थांबायची तयारी हवी.

आमचा शेजारी एकवीसच वर्षं थांबला. ग्रीन डे 1987 मध्ये दोन शाळकरी पोरांनी सुरू केला, म्हणजे बँडचं आणि याचं जन्मसाल एकच. गायक बिली जो आर्मस्ट्राँग आणि बासवाला माइक डर्न्ट, दोघेही आता पन्नाशीपार. इतक्या वर्षांत बँड भारतात कधी फिरकला नव्हता. तो पहिल्यांदा वाजणार होता रविवारी, 9 मार्च 2025 रोजी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापलूझा नावाच्या महोत्सवात. ''अजून थांबलो तर त्यांना बी खुर्ची लागंल, मला बी,'' असं म्हणून त्याने तिकीट काढलं. तारीख ऐकून त्याच्या आईने मात्र कपाळाला हात लावला. गाण्याला तिचा विरोध नव्हता. पण त्याच दिवशी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती, भारत विरुद्ध न्यूझीलंड. ''मॅच सोडून जायलाय,'' हे तिने शेजारपाजारी अशा आवाजात सांगितलं, जणू पोरगं हातातला घास सोडून पळालंय.

लोलापलूझाचा इतिहास आम्हाला फार आवडला. 1991 मध्ये पेरी फॅरल या गायकाने आपल्या 'जेन्स अ‍ॅडिक्शन' या बँडच्या निरोपाचा दौरा म्हणून हे प्रकरण काढलं. चौतीस वर्षं झाली, निरोप चालूच आहे. दरम्यान हा महोत्सव शिकागोत स्थायिक झाला, देशोदेशी गेला आणि 2023 मध्ये आशियातला पहिला मुक्काम म्हणून मुंबईत उतरला. निवृत्तीची घोषणा करून पुढच्या निवडणुकीला उभे राहणारे नेते आम्ही पाहिले आहेत. पण निवृत्तीचाच धंदा इतक्या देशांत थाटलेला त्यांच्यापैकी एकही नाही.

आणि आता धंदा म्हणायलाही लाजायचं कारण उरलेलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईत आणि अहमदाबादेत वाजवून गेला, आणि 28 जानेवारीला भुवनेश्वरच्या भाषणात खुद्द पंतप्रधानांनी 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. म्हणजे गाणं ऐकायला जाणं हे आता देशकार्य. या अर्थव्यवस्थेत सोलापूरने आमच्या माहितीप्रमाणे दोन प्रवासी आणि शेंगाचटणीचा एक डबा घातला आहे. वाटा लहान आहे, पण तिखट आहे.

विमानाने जाण्याचा विचार आम्हीही करून पाहिला. होटगी रोडच्या विमानतळाला आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली. 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचं दूरस्थ उद्घाटनही झालं. चिमणी उडाली, विमान मात्र आम्ही निघालो तेव्हा उडायचं होतं. म्हणून रेल्वे. वंदे भारत आहे, पण ती दुपारी पोचवते, आणि तेवढ्यात रेसकोर्सवर पुढची जागा जाते असं शेजाऱ्याचं गणित होतं. म्हणून शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस. ग्रामदैवताच्या नावाच्या गाडीतून, काळा टी-शर्ट घालून, अमेरिकन बंडखोरांच्या भेटीला. वरच्या बर्थवरच्या आजोबांनी चौकशी केली, ''मुलाखतीला चाललात का?'' शेजारी हो म्हणाला. त्याच्या मते हे खोटं नव्हतं.

या ठिकाणी एखादा भावुक लेखक 'हीच आजच्या तरुणाईची वारी' असं लिहून मोकळा झाला असता. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्याने आम्हाला ते परवडत नाही. शिवाय पंढरपुरात व्हीआयपी दर्शनावरून भांडणं होतात. रेसकोर्सवर जास्त पैसेवाल्यांचा कठडा वेगळा, हे तिकीट विकतानाच सांगतात आणि कुणीही भांडत नाही.

बाहेरचं खाणं आत चालत नाही हे शेजाऱ्याने नियमावलीत आधीच वाचलं होतं, त्यामुळे कडक भाकरी आणि चटणी आम्ही महालक्ष्मी स्टेशनच्या बाकावर संपवली. कडक भाकरीचा आवाज ऐकून समोरच्या बाकावरचं एक जोडपं उठून गेलं. आत शिरताना मनगटावर पट्टा बांधतात. नोटा-चिल्लर चालत नाही. पैसे त्या पट्ट्यात भरायचे आणि मनगट दाखवून खायचं. बंडाला खिसा नसतो, एवढं आम्ही वहीत टिपून घेतलं.

बंडखोरांची गर्दी पाहण्यासारखी होती. आमची कल्पना होती की पंक म्हटल्यावर कानात साखळ्या घातलेली, केसांचे काटे केलेली, आईबापांना न जुमानणारी पोरं दिसतील. तशी होती थोडी. पण ग्रीन डेच्या मंचासमोर दुपारपासून ठाण मांडून बसलेले बहुतेक जण स्वतःच आईबाप होते. गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी, मनगटावर घड्याळ आणि खिशात अ‍ॅसिडिटीची गोळी. एक जण वाद्यमेळ जुळेपर्यंतच्या वेळात फोनवर मुलीचा गणिताचा अभ्यास घेत होता. व्यवस्थेविरुद्धचा राग 2004 मध्ये भरून ठेवलेला, हप्ते फेडता फेडता काढायचा राहून गेलेला. तो काढायला ही मंडळी आली होती. काही मंचांच्या नावातच कंपन्या होत्या, आणि भांडवलशाहीचा निषेध करण्यासाठी प्रत्येक जण शिस्तीत रांगेत उभा होता. सोलापूरच्या सिटी बसला अशी रांग आम्ही पाहिलेली नाही. (सिटी बसही फारशी पाहिलेली नाही.)

मग अंधार पडला आणि ते आले. खरं सांगतो, पहिल्या गाण्याला आम्ही कानात बोटं घालायच्या तयारीत होतो. घातली नाहीत. आवाज प्रचंड होता, पण त्यात माणूस काय म्हणतो ते कळत होतं. ड्रमचा ठोका छातीवर यायचा आणि तिथेच थांबायचा, काळजात हात घालून काचा फोडायचा नाही. शेजारी तर या आवाजात घरच्यासारखा होता. त्याचं बालपण मागाच्या शेडमध्ये गेलं. तिथल्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजून घ्यावं लागतं. म्हणून भोवतीचे सगळे एकमेकांच्या कानात ओरडत असताना तो चार माणसं पलीकडच्या अनोळखी पोराशी बिनआवाजी गप्पा मारत होता. तो पोरगा भिवंडीचा निघाला. तोही मागावरचाच.

तीन कॉर्डची गाणी, साधी, धडाधड पळणारी. शेजाऱ्याला प्रत्येक शब्द पाठ. मध्येच, भर गाण्यात, तो एकदम गप्प झाला आणि टाचा उंचावून मोठ्या पडद्याकडे बघू लागला. आम्हाला वाटलं, गहिवरला. पडद्यावर कुणीतरी घाम पुसत होता.

''मामा, टॉवेल बघा. पाइल कसली भरलीय! पाचशे जीएसएमच्या वर असणार.''

''आपला असंल का रे?''

''आपला धुतल्यावर असा राहत नाही,'' तो म्हणाला, आणि पुन्हा गाऊ लागला. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी टेरी टॉवेलवर इतकी प्रामाणिक टीका आम्ही कुठल्याही चर्चासत्रात ऐकलेली नाही.

आर्मस्ट्राँग अलीकडे गाण्यातले शब्द बदलून आपल्याच देशाच्या सत्ताधाऱ्यांवर तोंडसुख घेतो. इथल्या श्रोत्यांना ही गोष्ट विशेष आवडते. अमेरिकेच्या अध्यक्षाविरुद्ध महालक्ष्मीला मूठ आवळण्यात एक वेगळंच सुख असतं. गुन्हा दाखल होत नाही, नोकरी जात नाही, सोसायटीच्या ग्रुपमधून कुणी काढत नाही. आमच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ साम्राज्यवादाविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडले. विसाव्यात त्यांच्याकडून कळलं की त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.

आणि तेवढ्यात मागून एक वेगळीच आरोळी उठली. गाण्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिकडे दुबईत एकोणपन्नासाव्या षटकात जडेजाने चौकार मारून सामना संपवला होता. भारत चार गडी राखून विजयी. निम्मे बंडखोर फोनकडे वळले, तिरंगी शुभेच्छा रवाना झाल्या, मग सगळे पुन्हा देश-सीमा-युद्ध न मानणाऱ्या गाण्याकडे वळले. शेजाऱ्याने आईला फोन लावला. ती म्हणाली, ''बघितलास का?'' तो म्हणाला, ''बघितलं.'' दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघंही खूश होते.

रात्रीचे दहा वाजले आणि आवाज बंद झाला.

वाचकहो, या वाक्यावर आम्ही अजून विचार करतो आहोत. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. हे आम्हाला पाठ आहे, कारण सोलापुरात आम्ही ते अर्जात लिहीत असतो. पण हा नियम प्रत्यक्ष घडताना आम्ही प्रथमच पाहिला. ज्यांनी आयुष्यभर कुणाचंच ऐकायचं नाही अशी गाणी केली, त्यांनी घड्याळाचं ऐकलं. गिटार खाली, दिवे वर, हजारो बंडखोर दरवाजाकडे. पोलिसाला शिटीसुद्धा फुंकावी लागली नाही. कायदा देशभर एकच. तो मोडायला फक्त तिकीट नसावं लागतं.

त्या कायद्यानेच आमची परतीची गाडी वाचवली, हेही नमूद करतो. सिद्धेश्वर साडेदहानंतर सीएसएमटीवरून सुटते. महालक्ष्मीहून लोकलने तीन स्टेशनं गाठून आम्ही ती दादरला धरली. कार्यक्रम सोलापुरी वेळेने चालला असता तर सोमवारची सिद्धेश्वर मिळाली असती. डब्यात शेजारी गाढ झोपला. आम्ही जागे होतो. कानात अजून वाजत होतं आणि समोरच्या बर्थवर एक जण मोबाइलवर फायनलचे चौकार मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा बघत होता. त्याला दहाचा नियम लागू नव्हता.

सकाळी गल्लीत शिरलो तर शेजाऱ्याच्या दारात पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी. कुठल्या मंडळाची, ते विचारू नका. आम्हाला याच गावात राहायचंय.

''अण्णा, यंदा पुण्यासनं सिस्टीम आणायलोय. पाच हजार लिहू का?''

शेजाऱ्याचा घसा बसलेला होता. ''गाणारं कोण हाय?''

''गाणारं कशाला? चाळीस पेट्या हायत की.''

त्याने पाकीट काढलं, नोटा मोजल्या, हातात धरून ठेवल्या. ''देतो. पण दहाला बंद करणार का?''

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या मोठ्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, ''अण्णा, दहाला तर जनरेटर येतंय.''