बॅग नेणाऱ्या, वही परत कर

लोणंद, जि. सातारा

बॅग उचलून नेणाऱ्यास,

नमस्कार लिहीत नाही आणि अहो-जाहोही करत नाही. राग अजून निवलेला नाही.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, घाटमाथ्यावरच्या एका बसस्टँडवर पोलादपूरकडं उतरणारी एसटी लागली. पाऊस धो धो चालला होता. एका बाईनं सगळे करतात तेच केलं. खिडकीतून बॅग आत टाकून जागा धरली आणि फिरून दाराकडं गेली. रेटारेटीतून आत पोचली तेव्हा जागा तशीच होती, बॅग नव्हती. ती बाई म्हणजे माझी बायको.

एसटीत खिडकीतून नुसता रुमाल टाकला तरी जागा त्या माणसाची होते. त्यावरून भांडणं होतात, आवाज चढतात, पण टाकलेला रुमाल घेऊन कुणी पळत नाही. एवढ्या एका गोष्टीवर या राज्यातली माणसं अजून विसंबून आहेत. तू नेमकी तीच हेरलीस.

मी लोणंदच्या बाजारात कांद्याच्या अडतीवर दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा माल उतरतो, वक्कल लागतं, लिलाव होतो आणि मग मी पट्टी लिहितो. इतक्या पिशव्या, इतकं वजन, हा भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, मोटारभाडं वजा, हातात एवढे. वीस वर्षं हेच करतोय. तुझ्या हाती काय लागलं तेही तसंच लिहून देतो.

रोख बाराशे रुपये. रेनकोट एक, डाव्या बाहीला ठिगळ लावलेला. फोनचा चार्जर. स्टीलच्या डब्यात सहा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्या आईनं खलबत्त्यात कुटलेली. दोन किलो गरवा कांदा. चौदा पोरांच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका, तपासून झालेल्या. ती पोरं पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरची, माझ्या बायकोच्या शाळेतली. सोमवारी त्यांच्या बाई रिकाम्या हातानं वर्गात गेल्या आणि पोरांची माफी मागितली. चोरी तुझी, माफी तिची. हे तुला माहीत असायला हवं म्हणून लिहिलं.

आणि शंभर पानी वही एक. खाकी कव्हर, वर लाल स्केचपेननं लिहिलंय, ‘घर ५’.

तक्रार नोंदवताना प्रत्येक वस्तूची किंमत सांगावी लागते. वहीपाशी आल्यावर मला बोलता येईना. शेवटी तीस रुपये लिहिले. बाकी सगळं तुला लखलाभ. या तीस रुपयांसाठी हे पत्र आहे.

माझी बायको २०१० साली डी.एड. झाली. त्यानंतर कित्येक वर्षं शिक्षकभरती बंदच होती. ती घरी शिकवण्या घ्यायची, शिवणकाम करायची. २०१७ ला अभियोग्यता परीक्षा झाली, २०१९ ला पवित्र पोर्टलवर तिचं नाव आलं. जिल्हा रायगड. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन महिना सहा हजार. घरभाडं आणि एसटी भागवून त्यातून काय उरणार हे दिवाणजीला कुणी सांगायला नको. तरी मीच म्हणालो, जा. नऊ वर्षं वाट पाहून आलेली नोकरी सोडायला मी सांगितलं असतं तर जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, मुलगा तीन. शाळा आडवाडीला, माझी आई इथं, तिची साखर वाढलेली, माझी रोजीरोटी बाजारात. म्हणून पोरं लोणंदला राहिली आणि त्यांची आई तिकडं गेली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती निघते. पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग वाई, मग लोणंद. घरी पोचायला रात्रीचे आठ. रविवारी बाराच्या आत जेवून परत. सोळा तास. पहिली काही वर्षं हे सोळा तास महिन्यातून एकदा मिळायचे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्या दिवशी मी बाजारातून पेढे घेऊन गेलो होतो. तेव्हापासून ती महिन्यातून दोनदा येते.

सोळा तासांत घर मावत नाही. ती यायची तेव्हा मुलगा आधी लांब उभा राहायचा. दोन-तीन तासांनी जवळ जायचा आणि तिची निघायची वेळ झाली की पदर सोडायचा नाही. फोन आहे, पण ती राहते तिथं रेंज धरायला वरच्या देवळापर्यंत चढावं लागतं. आणि फोनवर लहान पोर बोलत नाही. नवीन चप्पल दाखवतं, पडलेला दात दाखवतं आणि पळून जातं. मोठीचं वेगळंच. ‘कशी आहेस?’ ‘बरी.’ ‘शाळा?’ ‘बरी.’ संपलं.

वहीची कल्पना माझ्या आईची, आणि तिला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या ट्रंकेत मनीऑर्डरची कुपनं आहेत, दोऱ्यानं बांधलेली. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातल्या हजारो घरांसारखंच आमचं घर मनीऑर्डरवर चाललं. आण्णा एका खोलीत पंधरा-वीस गाववाल्यांबरोबर पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे, गावाला वर्षातून दोनदा यायचे. माझ्या बारशाला ते नव्हते. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळींची जागा असायची. तिथं ते लिहायचे आणि पोस्टमन ते आईला वाचून दाखवायचा. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आण्णा वळकटी घेऊन लोणंदला आले ते कायमचेच. ज्या बाजारात मी पट्टी लिहितो तिथंच त्यांनी हमाली केली. घरात ते आले तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हतो. जेवायला बसले की मी आईच्या मागं लपायचो. त्यांच्या माझ्यात तो परकेपणा शेवटपर्यंत राहिला, तो ना त्यांना मिटवता आला ना मला.

ते आईनं पाहिलेलं होतं. म्हणून सून निघाली तेव्हा ती म्हणाली, “पैशाचं ऱ्हाऊ दे. लिवत जा. चार वळी का हुईना, पन लिवत जा.”

तशी वही सुरू झाली. आता पंधरा दिवस ती आमच्याकडं, पंधरा दिवस बायकोकडं. समोरून उघडली की पोरांची आणि आजीची. आजी सांगते, नात लिहिते, शब्द न् शब्द आजीच्याच बोलीत. मागून उघडली की आम्हा नवरा-बायकोची. मागच्या पानांवर विम्याचा हप्ता आहे, लाइटबिल आहे, आईचे रिपोर्ट आहेत, आणि दोन भांडणंही आहेत. आमची मुलगी तेरा वर्षांची आहे. सहा वर्षांत तिनं ती वही एकदाही मागून उघडलेली नाही. तू उघडली असशील. याची मला जेवढी चीड येते तेवढी बाराशे रुपयांची येत नाही.

पाचांपैकी दुसरी वही कपाटात आहे, म्हणून बचावली. तिच्यात जुलै २०२१ आहे. २२ तारखेला महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटला. अडीच दिवस तिचा पत्ता नव्हता. मी भोरला जाऊन वरंधा घाटानं उतरायचं म्हणत होतो, तर तोही बंद. टीव्हीवर तळीयेची चित्रं, आणि मुलगी विचारतेय, आईचं गाव ते हेच का? तिकडं बायकोनं मेणबत्तीच्या उजेडात वहीत लिहून ठेवलं होतं, कोणती भांडी कुणाला द्यायची, पोरांची पुस्तकं कुठं आहेत, आईच्या गोळ्या किती वाजता. ती पानं मी आजवर एकदाच वाचली आहेत.

आता कुणी मला सांगेल की या जिल्ह्याला ताटातुटीची सवयच आहे. खरं आहे. अपशिंग्यात घराघरातली माणसं फौजेत गेली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. पण ते सगळे पुरुष होते, आणि त्यांना कुणी विचारलं नाही की घर सोडून कसे गेलात. माझ्या बायकोला विचारतात. बाजारात मला विचारतात, वहिनी कायमच्या कधी येणार? बदल्यांच्या नियमांत पती-पत्नी एकत्रीकरण नावाची सवलत आहे. दोघंही शासकीय किंवा निमशासकीय नोकरीत असले तर ती मिळते. अडतीवरचा दिवाणजी त्यात बसत नाही. आंतरजिल्हा बदलीला अर्ज केलाय. रिक्त जागा, बिंदुनामावली, ज्येष्ठता, सगळ्यात नंबर लागेल तेव्हा लागेल. आणि तो लागला तर त्या वाडीवर कोण येणार, ही काळजीही तिला आहेच. तिची शाळा दोन शिक्षकांची. मागं कोकणातून घाटावरचे शिक्षक मोठ्या संख्येनं बदलून गेले तेव्हा तिकडच्या शाळा कशा ओस पडल्या ते तिनं पाहिलंय. तिनं हे वहीत लिहिलं होतं. पाचव्या वहीत, मागून.

पाचवी वही जूनमध्ये सुरू झाली. तिच्यात आणखी काय होतं तेही ऐक.

माउलींची पालखी नीरेला स्नान करून लोणंदला मुक्कामाला येते. आमच्या घरी दरवर्षी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, त्यामुळं यंदा बायको आली नाही. मुलीनं पहिल्यांदा स्वतः भाकरी थापल्या. वहीत तिनं लिहिलं होतं, अकरा केल्या, तीन फाटल्या, फाटलेल्या आपल्या घरच्यांना वाढल्या. फोनवर ‘बरी’ म्हणणाऱ्या मुलीनं दोन पानं भरून लिहिलं होतं. त्याच्याखाली आईनं काय उत्तर लिहिलं ते मुलीनं वाचलं होतं, मी अजून वाचलं नव्हतं. वाचेन म्हणून ठेवलं होतं.

सासूनं सुनेला सांगितलेलं एक गाणं होतं, जात्यावरचं, आजीला जेवढं आठवलं तेवढं. आता परत विचारलं तर तिला मधलं कडवं आठवत नाही. ते कुठल्या पुस्तकात नाही. तुझ्याकडं आहे.

आणि मुलाचं एक पान होतं.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. लिहायचा त्याला कंटाळा. वहीत तो चित्रं काढतो, मालगाडीची, कारण स्टेशन जवळ आहे. त्या शनिवारी रात्री आई झोपल्यावर तो उठला, स्वयंपाकघरात दिवा लावून बसला आणि बराच वेळ लिहीत राहिला. मी दारातून पाहिलं, आत गेलो नाही. सकाळी त्यानं ते पान दुमडून चारी बाजूंनी खळीनं चिकटवलेलं होतं. वर लिहिलं होतं, ‘शाळेत पोचल्यावर उघड’. आईनं विचारलं, आत्ता वाचू? तो नाही म्हणाला. मग तिनं वही बॅगेत ठेवली. तिनं शब्द पाळला, म्हणूनच तिला ते वाचायला मिळालं नाही.

आम्ही त्याला विचारलं, काय लिहिलं होतंस? तो म्हणतो, आठवत नाही. खोटं बोलतोय हे तिघांनाही दिसतं. नवी वही आणून दिली, तर तिच्यात तो मालगाडीसुद्धा काढत नाही. आई पुढच्या खेपेला आली तर पुन्हा लांब उभा राहिला, तीन वर्षांचा असताना राहायचा तसा. या वेळी दोन तासांनीही जवळ गेला नाही. तू बॅग नेलीस ती सात-आठ किलोची. पण या घरातलं सहा वर्षांचं काम त्या एका संध्याकाळी कुठल्या कुठं मागं गेलं ते मी रोज डोळ्यांनी बघतोय.

तू कोण आहेस मला माहीत नाही. तुझी अडचण असेल, घरी खाणारी तोंडं असतील. माझ्या वडिलांनीही संपानंतर उपाशी दिवस काढले, पण कुणाच्या पिशवीला हात लावला नाही. त्यामुळं ते कारण मला सांगू नकोस.

वही फेकली असशील तर कुठं फेकलीस तेवढं आठव. स्टँडच्या मागच्या नाल्यात, घाटाच्या कठड्याखाली, कुठंही असू दे, मी उतरून शोधीन. जवळ असेल तर कुठल्याही एसटीच्या कंडक्टरच्या हातात दे. पहिल्या पानावर लोणंदचा पत्ता आहे, मुलीच्या अक्षरात. कोण होतास, कुठून आलास, कुणी विचारणार नाही. तक्रार मागं घ्यायला मी स्वतः जाईन. पैसे, डबा, चार्जर ठेवून घे.

फक्त ते पान चिकटवलेलं असेल तर तसंच राहू दे. उघडलं असशील तर काय लिहिलं होतं ते कुणालाही सांगू नकोस. खळ लावून परत चिकटव आणि पाठव.

– एक दिवाणजी