गिंबल आला, गोष्ट कुठाय?

शिर्डीत नगर-मनमाड रस्त्याला संध्याकाळी उभं राहा. एक पोरगा गिंबल धरून उलटा चालतोय, दुसरा त्याच्याकडे बघत केसांतून हात फिरवतोय, तिसरा मोबाईलवर गाणं वाजवतोय. काय चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं : फिल्म लाइनमध्ये जायचंय. लिहिलंयस काय, असं विचारलं की तोंडं बघत बसतात. कन्सेप्ट डोक्यात आहे म्हणे, निर्माता मिळाला की लिहून काढू.

निर्माता मिळणार नाही. डोक्यातल्या कन्सेप्टला बाजारात दमडीची किंमत नाही आणि ती कुणी उचलली तर कायदाही मदतीला येत नाही. ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिणारे आर. जी. आनंद ‘नई दिल्ली’ हा सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. १९७८ साली निकाल लागला. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो, असं न्यायालयाने सांगितलं आणि आनंद हरले. त्यांचं नाटक लिहून झालेलं होतं, रंगमंचावर आलेलं होतं, तरी हरले. तुमची कन्सेप्ट तर चहाच्या टपरीवर मित्राला सांगितलेली आहे!

राग या पोरांवर नाही. रात्रभर लॉजच्या काउंटरवर बसून सकाळी शूटिंगला निघणारी पोरं आहेत ही, कष्टाला मागे हटत नाहीत. राग आहे तो त्यांना आधी कॅमेरा घ्यायला लावणाऱ्यांवर. दोन दिवसांत दिग्दर्शक करून सोडतो म्हणणाऱ्या शिबिरांवर. फी घेतात, प्रमाणपत्र देतात, फोटो काढतात. एक प्रसंग नीट लिहून घेत नाहीत.

आणि हे शिर्डीत व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. कारण पटकथेचा पहिला धडा याच गावात घडला आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात, देवघरात ठेवलेला आहे.

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत. सरकारी नोकर, वांद्र्याला मॅजिस्ट्रेट. १९१० साली शिर्डीला पहिल्यांदा आले. त्यांच्या ‘साईसच्चरिता’चा पहिला अध्याय भक्त म्हणून शंभरदा वाचला असेल, आता एकदा लेखक म्हणून वाचा. मंगलाचरण संपलं की हेमाडपंत साईबाबांचा जन्म सांगत नाहीत, चमत्कारांची यादी देत नाहीत. ते दळण दाखवतात. मशिदीत फकीर जमिनीवर काहीतरी अंथरतो, त्यावर जातं मांडतो, कफनीच्या बाह्या वर सारतो, सुपातले गहू मुठीमुठीने घालत दळायला लागतो. लोक जमतात, पण विचारायची कुणाची छाती होत नाही. चार बाया पुढे होतात, खुंटा हातातून ओढून घेतात, गात गात दळतात. दळता दळता त्यांच्या मनात येतं, याला ना घर ना संसार, पीठ काय करणार हा? आपल्यालाच देणार. चौघी वाटे करतात, पीठ घेऊन निघतात. आणि फकीर भडकतो. मग शांत होतो आणि ते पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकायला सांगतो.

इथपर्यंत वाचणाऱ्याला काही कळलेलं नाही. हेमाडपंत गावकऱ्यांना विचारतात तेव्हा उलगडा होतो : गावात महामारी शिरू पाहत होती, तिला अडवायला हे दळण.

आता बघा या माणसाने काय केलं. कृती आधी दाखवली, कारण मागे ठेवलं. नायक कोण आहे हे सांगितलं नाही, त्याला काहीतरी करताना दाखवलं. चार बायांच्या मनातला लोभ एका वाक्याचंही भाषण न देता वाट्यांमधून दाखवला. मधे संघर्ष, शेवटी उलगडा, आणि वापरलेल्या वस्तू चार : जातं, सूप, गहू, शीव. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. पण हा प्रसंग पंचवीस वेळा वाचून, त्यातला प्रत्येक तुकडा कॅमेरा कुठून बघेल हे वहीत उतरवून जो जाईल, तो तिथे चार पावलं पुढे असेल. आणखी एक : हेमाडपंतांनी लिहायच्या आधी बाबांची परवानगी मागितली, माधवराव देशपांडे यांना मध्यस्थ घालून. मगच टिपणं ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायला निघालेल्यांनी हेही वाचावं.

शिर्डीवर सिनेमे काही कमी निघाले नाहीत. कुमारसेन समर्थांनी १९५५ मध्ये मराठीत काढला. १९७७ मध्ये सुधीर दळवींचा ‘शिर्डी के साईबाबा’ आला आणि त्यानंतर गर्दी वाढली, असं जुनी माणसं सांगतात. तो मनोजकुमारांनी लिहिला होता. गावाने त्यांच्या नावाचा रस्ता केला. त्या रस्त्यावरून रोज गाडी दामटणाऱ्या किती जणांना माहीत आहे की हा मान सिनेमा लिहिणाऱ्यालाही मिळालेला आहे? पुढे तेलुगूत सिनेमे झाले, २०१२ मध्ये तर नागार्जुनने बाबांची भूमिका केली. मालिका आल्या. प्रत्येकाचा कॅमेरा समाधी मंदिराकडे तोंड करून उभा राहिला. त्यात चूक काही नाही. पण मंदिराकडे पाठ करून उभं राहिलं तर काय दिसतं, ते कुणी लिहायचं? मुंबईचा लेखक लिहिणार नाही, त्याला ते दिसतच नाही. ते तुमचं काम आहे.

पॉलिशवाले घ्या. बाहेरच्या माणसाला हा शब्द ऐकून बूटपॉलिश आठवेल. शिर्डीकराला माहीत आहे, गाडीतून उतरलेल्या भाविकाला गोड बोलून ठरल्या दुकानात नेणारा, प्रसादाच्या ताटावर कमिशन खाणारा हा पोरगा. संस्थान त्याला हाकलतं, पोलीस त्याला उचलतात, वर्तमानपत्रं त्याच्याविरुद्ध लिहितात. बरोबरच आहे, भाविकांची लूट होते. पण सकाळी सहाला घरातून निघताना तो आईला काय सांगतो? बहिणीला बघायला पाहुणे येतात तेव्हा भाऊ काय करतो म्हणून घरचे काय सांगतात? माणूस बघूनच हा तेलुगू बोलणार की हिंदी, हे कसं ठरवतो? त्याच्यासोबत एक सकाळ चाललात तरी तीस पानं निघतील.

फुलवाले घ्या. करोनात मंदिर बंद झालं, पुढे उघडलं, पण हार-फुलं-प्रसाद आत न्यायची बंदी कायम राहिली, ती थेट २०२४ च्या अखेरीपर्यंत. आजूबाजूच्या गावांत गुलाबावर घर चालवणाऱ्यांचं या काळात काय झालं? २०२२ च्या ऑगस्टमध्ये आंदोलन झालं, दोन दिवस बातम्या आल्या, संपलं. बातमी जिथे संपते तिथून सिनेमा सुरू होतो. पहाटे बोटांना काटे टोचत तोडलेली फुलं, आणि गिऱ्हाईक विचारतं, आत नेता येत नाही तर घेऊन काय करू? गुलाबाची बाग मोडायची की अजून एक हंगाम धरून ठेवायची, यावरून बाप-लेकात झालेलं भांडण लिहा. तेवढंच लिहा. दहा पानं. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दहा मिनिटांचा लघुपट झाला तुमचा.

पुणतांबा आपल्याच राहाता तालुक्यात. शेतकऱ्याने संपावर जायचं, ही गोष्ट २०१७ मध्ये तिथल्या ग्रामसभेतून उठली आणि १ जूनपासून महाराष्ट्रभर दूध रस्त्यावर आलं. साकुरीच्या आश्रमात उपासनी महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी मुलींना वेदमंत्र म्हणायला बसवलं. हे सगळं पाऊण तासाच्या आत, दुचाकीवर. विषय मिळत नाही ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.

हे नुसतं बोलणं नाही, जिल्ह्यात घडलेलं आहे. जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला आले. तिथल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला, शाळेची ओढ असलेल्या पारधी पोराची गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘फँड्री’ नगरजवळच्या अकोळनेरात चित्रित झाला, आणि पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार. मंजुळे त्याआधी कवी होते, हे विसरू नका. वही आधी होती. श्रीगोंदे तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडे यांनी धनगर कुटुंबाच्या भटकंतीवर ‘ख्वाडा’ लिहिला, जमीन विकून तो पुरा केला आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार पटकावला. याच सिनेमाला लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला. म्हणजे मेंढरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, आपल्याकडच्या बोलीचा आवाज दिल्लीत ऐकू गेला.

जमीन विकली हे ऐकून कुणी बापाच्या सातबाऱ्याकडे बघू नये. याच कऱ्हाड्यांना २०२३ मध्ये ‘टीडीएम’ला थिएटरात धड वेळेचे खेळ मिळेनात म्हणून सिनेमा मागे घेऊन पुन्हा लावावा लागला. राष्ट्रीय पुरस्कार घरात असलेल्या माणसाची ही गत. सरकारचं अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, दर्जा ठरल्यावर. त्यावर विसंबून कर्ज काढू नका. लेखनाला मात्र भांडवल लागत नाही. म्हणून म्हणतो, सुरुवात तिथून. नगरला एकांकिका स्पर्धा होतात, तिथे लिहा. प्रेक्षक कुठे खोकतो, कुठे मोबाईल काढतो, हे तिथे फुकटात कळतं. सदाशिव अमरापूरकर याच नगरच्या नाटकांतून ‘अर्धसत्य’पर्यंत गेले.

लिहून झालं की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा आणि पटकथा नोंदवा. काम ऑनलाइन होतं, अंधेरीला खेटे घालायची गरज नाही. करार लेखी करा, श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं येणार हे त्यात लिहून घ्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीतला वाटा दिलाय, तो निर्मात्याला लिहून देताच येत नाही, तसं कलम करारात दिसलं तर सही करू नका. ‘पुढच्या सिनेमात बघू’ म्हणणाऱ्या निर्मात्याला नमस्कार करा आणि उठा.

कोपरगावपासून राहुरीपर्यंतच्या पोरापोरींना सांगणं एवढंच. हो, पोरींनाही, कारण गिंबलच्या त्या घोळक्यात त्या दिसत नाहीत आणि या भागातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याकडेच आहेत. या रविवारपर्यंत दहा पानं लिहा. विषय तुमच्या गल्लीतला हवा, पात्रांनी तुमच्या घरात बोलतात तसंच बोलायला हवं. लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवा, ती जिथे कंटाळेल तिथे खोडा. समृद्धी महामार्ग झालाय, मुंबई काही तासांवर आलीय. पण दहाची शंभर पानं झाल्याशिवाय गाडीत बसू नका.