टॉकीजमध्ये भूत कसं बसवावं

तालुक्याच्या गावातली टॉकीज बंद पडली की वर्ष-दोन वर्षं तिच्या भिंतीवर शेवटच्या सिनेमाचं पोस्टर तग धरून असतं. मग त्यावर क्लासवाल्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्यावर भावी आमदारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. पुढं फाटकात वेडी बाभळ उगवते. ही बाभळ कमरेला लागली की टॉकीज भूत बसवण्याजोगी झाली असं समजावं.

त्याआधी घाई नको. चालू टॉकीजमध्ये भूत टिकत नाही, हा या विद्येतला पहिला नियम. 1984 साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला तेव्हा भुतांचं सगळं काम पडद्यावर चालायचं आणि खाली थर्डात शिट्ट्या वाजायच्या. त्या गर्दीत खऱ्या भुताला तिकीट ब्लॅकनं घ्यावं लागलं असतं. विलायतेतली तऱ्हा वेगळी. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात करड्या कपड्यांतलं एक जुनं भूत आहे म्हणतात. ते दुपारच्या खेळाला येतं आणि ते दिसलं की नाटक चालतं, अशी नटांची समजूत आहे. आपलं भूत धंदा बसल्यावर येतं. म्हणून त्याला बसवावं लागतं.

प्रस्तुत मार्गदर्शन बीड जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना भूत प्रत्यक्ष दिसलंय त्यांनी ते वाचू नये, विनाकारण गोंधळ उडेल.

जागेची पाहणी

पाहणी दिवसा करावी. सोबत कुणाला तरी न्यावं, भुतासाठी नाही, सापासाठी. नवशिका आत शिरला की हमखास पडद्यामागं जातो. तिथं स्पीकरचं रिकामं खोकं आणि वटवाघळांच्या लेंड्या यांपलीकडं काही नसतं. भूत बसवायची जागा एकच, मागच्या भिंतीवरची ऑपरेटरची केबिन. तिच्या चौकोनी भोकांतून अंधार बाहेर बघत असतो, तेवढं भांडवल पुरतं.

पण केबिनमध्ये काय चालायचं हे माहीत हवं, नाहीतर गोष्ट कच्ची राहते. जुन्या केबिनमध्ये दोन मशिनी असत. एक रीळ साधारण दोन हजार फुटांचं, वीस-बावीस मिनिटांत संपायचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. तो दिसला की दुसरी मशीन सुरू करायची, पुन्हा ठिपका आला की पहिलीवरून दुसरीवर यायचं. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्या सरकवत राहायच्या, कारण सगळा उजेड त्या दोन कांड्यांच्या टोकांमधला आणि कांड्या सारख्या झिजत. धूर पाइपातून छपरावर जाई, उष्णता आतच राही. बाहेर मे महिन्यातलं बीड आणि आत हे.

आपल्याकडं भूत व्हायला राहिलेली इच्छा लागते. ऑपरेटरची इच्छा शोधायला लांब जायला नको. त्यानं शेकडो सिनेमे दाखवले, एकही निवांत पाहिला नाही. दर वीस मिनिटांनी उठलेला माणूस तो. त्याच्याखालोखाल डोअरकीपर. उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडण्यात आणि बॅटरी मारून खुर्च्या दाखवण्यात त्याची सुरुवात बुडायची. त्याला सगळ्या सिनेमांचे शेवट पाठ, सुरुवात एकाचीही ठाऊक नाही. असा माणूस मेल्यावर सहा ते नऊच्या खेळाला पहिल्या मिनिटापासून येऊन बसला, तर त्यात अघोरी ते काय?

पांढरी साडी, मोकळे केस, पैंजण हे सामान मात्र वापरू नये. 1962 साली 'बीस साल बाद', 1964 साली 'वह कौन थी'. तेव्हापासून ते कापड इतकं वापरलंय की विरून गेलं.

कोणतं भूत घ्यावं

मुंजा घेऊ नये. त्याला पिंपळ लागतो आणि टॉकीजच्या आवारातला पिंपळ पार्किंगसाठी पहिला पडलेला असतो. गिऱ्हा पाण्यातला. गेवराई-माजलगावकडं गोदाकाठी त्याचं कसंबसं भागेल, पण आष्टी-पाटोद्याच्या बाजूला त्याला टँकरची वाट पाहावी लागेल. वेताळ लवाजम्यासह फिरतो, त्याला बाल्कनी पुरत नाही. चकवा रानातला असला तरी विचार करण्यासारखा आहे. इंटरव्हलला मुतारीकडं गेलेला माणूस अंधारात परत येऊन भलत्याच रांगेत, भलत्याच बाईशेजारी बसायचा, हे चकव्याचंच काम असल्याचं त्या काळी मारापासून वाचलेल्या अनेकांनी सांगितलं आहे.

सगळ्यात सोयीचा समंध. तो धनाची राखण करतो. मोक्याच्या जागेवरचा प्लॉट, भावाभावांत वाटणीचा दावा, तारखेवर तारीख, अशा टॉकीजला समंध शोभतो. त्याला बसवलं की काही दिवसांनी प्लॉटचा भाव पडल्याची कुजबुज येते. भाव पाडणारा आणि गोष्ट पसरवणारा एकच निघाला तर नवशिक्यानं नवल करू नये, आणि फुकट राबूही नये.

वयस्कर बायका एक हरकत घेतील. 1975 साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा देशभर लोकांनी टॉकीजच्या दाराशी चपला काढल्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळली. जिथं देवी येऊन गेली तिथं भूत कसं राहील? यावर उत्तर तयार ठेवावं: रीळ पेटीत भरून परत गेलं, देवीही त्याच पेटीतून गेली.

पेटी कोणत्या मुलखात फिरायची, हे सांगितलंत तर गावातल्या शिकलेल्या माणसाचीही बोलती बंद होईल. निझामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, आपण दरवर्षी झेंडा लावतो. सिनेमाच्या वितरकांना मात्र कुणी कळवलं नाही. त्यांच्या नकाशात विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये आणि मराठवाडा, तेलंगणासकट, 'निझाम' सर्किटमध्ये. राजा गेला, संस्थान गेलं, भाषावार प्रांतरचना झाली, तरी अमिताभचा सिनेमा बीडला यायचा तो निझामाच्या हद्दीत. मेल्यावर इतकी वर्षं मुलूख राखणारं याहून अस्सल भूत मराठवाड्यात दुसरं नाही, आणि ते तर छापील व्यवहारात आहे.

हंगाम

अमावास्या वगैरे कोकणातल्यांनी बघावं. आपला हंगाम ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या ट्रक-ट्रॅक्टरनं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. नवशिक्याला वाटतं, गाव सुनं झालं, आता भूत सोडावं. चूक. भुताला ऐकणारा लागतो आणि ऐकणारे सगळे कोप्यांवर गेलेले असतात. गोष्ट त्यांच्याबरोबर पाठवावी. सांगली-कोल्हापूरकडच्या फडात रात्री ट्रक भरताना ती चार तोंडांतून जाते. दिवाळीत पाठवलेला साधा डोअरकीपर गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतो तेव्हा त्याला उलटे पाय फुटलेले असतात आणि कर्नाटकातला एक साक्षीदारही मिळालेला असतो.

आवाज आणि वास

यात खरी मेहनत आहे. टॉकीजमधल्या प्रत्येक आवाजाचं कारण तुम्हाला ठाऊक हवं, म्हणजे ते लपवता येतं. दिवसभर तापलेले पत्रे रात्री थंड होताना आकसतात आणि कडाड वाजतात. आढ्यातून धप्पकन उडी येते ती उदमांजराची. बाल्कनीत कुणीतरी फुत्कारतं, मध्येच किंचाळतं, ते गव्हाणी घुबड. जुन्या पडक्या इमारती त्याला फार आवडतात. बिचारं उंदीर खाऊन गावावर उपकार करतं आणि बदल्यात आपण त्याला हडळ ठरवतो. केबिनमध्ये आंबूस वास येत असेल तर एखादं विसरलेलं रीळ कुजत असतं. ॲसिटेटची फिल्म खराब होताना तिच्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं.

विक टँडी या इंग्रज इंजिनिअरचं प्रकरण तर पाठच करावं. कॉव्हेंट्रीच्या प्रयोगशाळेत रात्री काम करताना त्याच्या अंगावर काटा आला, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी वाइसमध्ये आवळलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरू लागलं. शोध घेतला तर दोष निघाला नव्या एक्झॉस्ट फॅनचा. त्याची कंपनं सेकंदाला सुमारे 19, म्हणजे कानाला ऐकू न येणारी. फॅनची जोडणी बदलली, आकृती गेली. 1998 साली त्यानं हे छापून काढलं. आपल्या टॉकीजचे एक्झॉस्ट फॅन कधीच भंगारात गेलेले असल्यानं ही कारणमीमांसा इथं लागू पडत नाही, हे तुमच्या पथ्यावरच आहे.

आणखी एक माहिती फक्त धीट श्रोत्यांसाठी. रिळाच्या मशिनीत सेकंदाला 24 चित्रं सरकत. चित्र सरकताना पडद्यावर उजेड पडू नये म्हणून फिरती पाती आडवी येत. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात जवळजवळ दीड तास पडदा काळाच असायचा, फक्त डोळ्याला कळायचं नाही. त्या दीड तासात शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, एवढंच विचारावं आणि चहा मागवावा.

सांगण्याची रीत

'मी पाहिलं' असं कधीही म्हणू नये. उलटतपासणीला उभं राहावं लागतं. पाहणारा किमान तीन नाती लांबचा असावा. नमुना असा:

"नाना, त्या बंद टॉकीजमधी राती मशीन चालू व्हती म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"आमच्या साडूचा मेव्हणा वाचमन व्हता तिथं."

"मग लाईट व्हती का?"

"न्हाई ना. तेच तर!"

'तेच तर' इथं थांबावं. नवशिके याच्यापुढं बोलतात आणि गोष्ट घालवतात. भारनियमनानं या जिल्ह्याला काय दिलं असं कुणी विचारलं तर हा संवाद दाखवावा.

पैज लावणारा एखादा पोरगा भेटतोच. 2008 साली 'फूँक'च्या वेळी राम गोपाल वर्मानं थिएटरात एकट्यानं सिनेमा पाहून दाखवणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं होतं. पोराला सांगावं, आपल्याकडं टॉकीज बंद पडायच्या आधी नऊ ते बाराच्या खेळाला एकटाच माणूस बसायचा, ऑपरेटर त्याच्यासाठी अख्खं मशीन चालवायचा. दोघांनाही कुणी पाच रुपये दिले नाहीत.

कायद्याचं काय

गोष्ट सांगणं गुन्हा नाही. भुताचं नाव घेऊन लोकांत घबराट पसरवणं, भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारणं, डांबणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि मग सरकारनं अध्यादेश काढला. तेव्हा गोष्टीच्या शेवटी लिंबू, नारळ किंवा कुणा महाराजांचा मोबाईल नंबर आला की ती तिथंच बंद करावी. आपलं भूत फुकट आहे आणि फुकटच राहिलं पाहिजे.

आता कामाला लागा. मात्र तुमच्या तालुक्यात एखादा पडदा अजून चालू असेल तर आधी तिथं जा, तिकीट काढा आणि सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. शक्यतो बाल्कनीत बसा. खाली उंदीर असतात, आणि ते खरे असतात.