कोणता रंग?

तंजावूरसाठी एकच दिवस होता आणि कामं चार घेतली होती: संपादकांसाठी सरफोजीराजांवर लेख, एका प्रकाशकाची मुद्रितं, मेहुणीसाठी मान हलवणारी बाहुली आणि आमच्या सोसायटीच्या रंगकाम समितीची ऑनलाइन बैठक. नाही म्हणायचं तर माझी जीभ जड होते.

राजवाड्यात शिरल्यापासूनच राजांचा हेवा वाटू लागला. सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्यांची भर घातली, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महाल चालवला, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, शिवाय १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर अख्खा भोसले वंश मराठीत कोरून घेतला. हा माणूस झोपायचा कधी? वहीत लिहिलं, ‘राजांचं वेळापत्रक शोधणे.’ म्हणजे पाचवं काम.

संगीत महालात सावली होती. खांबाला टेकलो; मांडीवर मुद्रितं, शेजारी टॅबवर बैठक. इतक्यात संपादकांचा फोन आला. आजूबाजूला सगळं तमिळ, म्हणून बिनधास्त कुजबुजलो, “ग्रंथालयात मोडी कागद बघतोय.” मग प्रकाशकाला, “खोलीतच आहे, मुद्रितं संपत आली.” मग मेहुणीला, “दुकानातच उभा आहे. कोणता रंग?”

पलीकडच्या टोकाला बसलेले एक आजोबा उठून आले आणि तमिळ हेलाच्या मराठीत त्यांनी विचारलं, मी नक्की कुठे आहे? व्यंकोजीराजांपासून इथे मराठी घरं आहेत, हे माझ्याच लेखाचं पहिलं वाक्य होतं. आवाज नीट पोचावा अशीच या महालाची बांधणी आहे, हे दुसरं.

ओशाळून मी विषय बदलला: राजांना एवढं सगळं जमलं कसं? आजोबा हसले. १७९९ च्या तहात राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला आणि आसपासचा मुलूख उरला. वसुली नाही, लढाई नाही. मग काय, वेळच वेळ!

माझ्याकडे सोडायला राज्य नव्हतं, पण रंगकाम समिती होती. राजीनामा द्यायला टॅब उचलला, तर माइक मघापासून उघडाच. “कोणता रंग?” एवढी आस्था आजवर कुठल्याच सभासदाने दाखवली नव्हती म्हणे. मला एकमताने निमंत्रक केलं होतं.

“हो,” मी म्हणालो.