तुमचं तुम्ही ठरवा

क्लाउडवर अ‍ॅप डिप्लॉय करणाऱ्या कुठल्याही टूलची नवी आवृत्ती निघाली की सोबतच्या निवेदनात एक वाक्य हमखास असतं: आता अमुकही कॉन्फिगर करता येईल. ते आनंदवार्ता म्हणून छापलेलं असतं आणि वाचणारेही पेढे वाटायच्या तयारीत असतात. माझं मत जरा वाकडं आहे. बहुतेक नवी सेटिंग्ज म्हणजे टूल बनवणाऱ्यांच्या बैठकीत न मिटलेली भांडणं. एकाला वाटतं, पडलेला प्रोग्रॅम लगेच उठवावा. दुसऱ्याला वाटतं, जरा दम खाऊन उठवावा. चहा संपतो, एकमत होत नाही, मग मोठ्या मनाने ठरतं की वापरणाऱ्यालाच विचारू. ज्या प्रश्नावर तज्ज्ञांनी हात टेकले तो त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि याला म्हणायचं लवचिकता. लग्नाच्या याद्यांत मानपानाचा वाद मिटेना म्हणून तो जेवायला आलेल्या पाहुण्यांवर सोपवावा, तसला हा प्रकार.

2007 साली निघालेल्या हेरोकू या क्लाउड सेवेचा सगळा रुबाब हाच होता की त्यांनी तुमच्या वतीने बरंच ठरवून टाकलेलं असे. ‘गिट पुश’ केलं की अ‍ॅप चालू. 2014 मध्ये गूगलने अनेक सर्व्हरांवर अ‍ॅप चालवणारं कुबरनेटिस खुलं केलं आणि ठरवण्याचा अधिकार जनतेला मिळाला. अ‍ॅपचं लेबल, समजा ‘दुकान’, डिप्लॉयमेंटच्या फाइलीत सिलेक्टरखाली लिहायचं, पॉडच्या, म्हणजे प्रत्यक्ष चालणाऱ्या अ‍ॅपच्या, टेम्प्लेटखाली पुन्हा लिहायचं. ही दोन जुळली नाहीत तर फाइल निदान तोंडावर फेकली जाते. पण तेच लेबल पॉडपर्यंत वाट दाखवणाऱ्या सर्व्हिसच्या फाइलीत लिहिताना एखादं अक्षर गळलं, तर कुणी हूं की चूं करत नाही. सर्व्हिस तयार होते, तिला पत्ता मिळतो, सगळं आलबेल दिसतं. फक्त तिच्या मागे एकही पॉड नसतो. या लिहालिहीवर उतारा म्हणून हेल्म आलं. या फाइली यॅमल नावाच्या लिखाणपद्धतीत असतात, आणि हेल्म त्यांचं टेम्प्लेट निव्वळ मजकूर समजून भरतं, त्यामुळे कुठला मजकूर किती रिकाम्या जागा सोडून सुरू करायचा हेही माणसानेच सांगायचं, ‘एनइंडेंट 8’ असं. भल्या पगाराचा इंजिनियर स्क्रीनवर बोट ठेवून रिकाम्या जागा मोजतो आहे, हे दृश्य या प्रगतीचंच. ज्यांना टेम्प्लेट नको त्यांच्यासाठी कस्टमाइझ निघालं, आणि 2019 मध्ये ते कुबरनेटिसच्या कुबेक्टल या कमांडच्या पोटातच घातलं. आता हेल्म की कस्टमाइझ, हेही तुमचं तुम्ही ठरवा.

बरं, ठरवून लिहिलं तरी ते जसंच्या तसं पोचेल याची खात्री नाही. यॅमलच्या 1.1 आवृत्तीच्या नियमांनुसार, देशांच्या यादीत नॉर्वेचा ‘एनओ’ हा कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर तो नकार समजला जातो आणि नॉर्वे नकाशावरून जातो. 3.10 लिहिलं की 3.1 होतं. 22:22 ही पोर्टची जोडी साठाच्या हिशेबाने 1342 होते. 2009 च्या 1.2 आवृत्तीने नॉर्वेचं पुनर्वसन केलं खरं, पण जुन्या नियमांनी वाचणाऱ्या लायब्रऱ्या अजून खुशाल नांदताहेत.

यावर कुणी म्हणेल, बँकेची गरज वेगळी, शाळेची वेगळी. सगळ्यांना एकच माप कसं चालेल? रास्त आहे. 2011 च्या सुमाराला हेरोकूच्याच मंडळींनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’मध्ये याची चांगली कसोटी आहे: चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरवर जे बदलतं ते कॉन्फिगरेशन, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड वगैरे. या कसोटीला उतरणारं सेटिंग जरूर द्यावं. पण रिकाम्या जागांचा आकडा बँकेत आणि शाळेत वेगळा असतो, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर: नको तर हात लावू नका, डिफॉल्ट आहेच की. म्हणजे न वापरलेलं सेटिंग निरुपद्रवी. याचं उत्तर नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने 1 ऑगस्ट 2012 रोजी दिलं. ‘पॉवर पेग’ नावाचं काम तिने 2003 मध्येच बंद केलं होतं, पण त्याचा कोड आणि तो चालू करणारा फ्लॅग तसाच पडून होता. नव्या कामासाठी तोच फ्लॅग वापरायचं ठरलं. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठवा राहिला. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग झोपेतून उठून इमानेइतबारे ऑर्डरी सोडू लागलं. पाऊण तासात झालेल्या सौद्यांनी अखेर 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान केलं. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना 97 ईमेल पाठवले होते, त्यात पॉवर पेगचं नावही होतं. ते कुणी मनावर घेतले नाहीत. रोज असल्या सूचना येणाऱ्या माणसाने प्रत्येक वाचायची म्हटली तर कामं कधी करायची?

म्हणून सेटिंग देण्यापेक्षा काढणं ही खरी मर्दुमकी, आणि ती फार थोड्यांना जमते. डॉकर कंपोझ या टूलच्या फाइलीत वर्षानुवर्षं पहिली ओळ आवृत्तीची असे. आता टूल ती ओळ वाचून दुर्लक्ष करतं आणि ‘ही कालबाह्य आहे, काढून टाका’ असा इशारा देतं. तरी नव्या फाइलींत ती येतच राहते, कारण फाइल कुणी लिहीत नाही, जुनीची नक्कल करतात. त्या इशाऱ्याने वैतागलेले लोक ओळ काढणार नाहीत. इशारा बंद करायचं सेटिंग मागतील.