तोरणमाळला तीन पडदे मांडण्याची रीत

‘पावसाळाभर तोरणमाळला राहीन आणि तिथूनच काम करीन’ असं ऑफिसात बोलून बसलेल्या नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. एका लॅपटॉपवर ज्यांचं भागतं त्यांनी हे वाचण्यात वेळ न घालवता सीताखाई बघायला जावं.

साहित्य: लॅपटॉप एक. मॉनिटर दोन. वायरी, लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट. स्टार स्क्रू ड्रायव्हर एक. स्टँड जोडायला तो लागतो आणि खोक्यात नेमका तोच नसतो. इन्व्हर्टर बाळगणारा घरमालक एक. हा शेवटचा जिन्नस आधी पाहावा, खोलीतून तलाव दिसतो की नाही ते नंतर.

आता कृती. ती शहाद्यातच सुरू करायची आणि जमल्यास तिथेच संपवायची. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत आणि सात पायरीचा घाट चढत तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतं. गाव 1,100 मीटरहून उंचावर आहे. वर पोचल्यावर ‘ती छोटी पिन राहिली’ असं लक्षात आलं, तर त्या पिनेची किंमत दुकानदार ठरवत नाही, जीपवाला ठरवतो. तंत्रज्ञान या भागाला नवं आहे असंही नाही. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हा मागासलेपणाच्या नावाने खडे फोडू नयेत. पिन तुम्ही विसरलात.

म्हणून दुकानाच्या काउंटरवरच लॅपटॉप आडवा करून त्याच्या कडा नीट बघा. एचडीएमआयचं भोक ओळखायला सोपं: रुंद आणि खालचे कोपरे कापलेले. घोटाळा असतो तो लंबगोल, इवल्याशा यूएसबी-सी भोकाचा. दिसायला सगळी सारखी, पण गुण वेगळे. एकातून चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं, दुसऱ्यातून फक्त पेन ड्राइव्ह चालतो. शेजारी विजेची खूण किंवा डी आणि पी गुंफलेली खूण असेल तर बहुतेक चित्र जाईल. काहीच खूण नसेल तर मॉडेल नंबर घालून कंपनीच्या पानावर खात्री करा. ‘बसतंय ना, मग चालेल’ हा नियम चपलांना लावावा.

याच काउंटरवर दुकानदार प्रेमाने एक स्प्लिटर पुढे करील. ‘दादा, एका भोकातून दोन टीव्ही लागतात.’ तो खोटं बोलत नाही. दोन्ही लागतात आणि दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. लग्नाच्या मांडवात ते उत्तम, कामाला निरुपयोगी. तुम्हाला दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रं हवी आहेत आणि त्यासाठी लॅपटॉपमध्येच तेवढा दम लागतो. 2020 सालच्या एम-1 चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच पडदा झेपतो. तिथे डिस्प्लेलिंकचा डॉक घेऊन वाट काढता येते, पण त्याचं सॉफ्टवेअर वेगळं उतरवावं लागतं. तेही शहाद्यातच उतरवून घ्या. वर गेल्यावर नेटवर्क शोधायला दगडावर उभं राहून शंभर-दोनशे एमबी ओढण्यात मजा नाही.

स्वस्त हबवर ‘4के’ छापलेलं असतं, त्यापुढे बारीक अक्षरात 30 हर्ट्झ असतं. त्यावर माऊस तुमच्या हातामागून रमतगमत येतो. 60 लिहिलेला घ्या, पैसे जास्त गेले तरी.

मॉनिटर जीपमध्ये उभे ठेवा, आडवे टाकू नका आणि त्यावर तांदळाचं पोतं ठेवायची परवानगी कोणालाही देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. पावसाळ्यात धुकं खिडकीतून घरात येतं, तेव्हा खोकं उघडल्या उघडल्या बटण दाबू नका. काच कोरडी होऊ द्या, तोवर चहा घ्या.

वायरी लावल्या की विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. ‘डुप्लिकेट’ नको, ‘एक्स्टेंड’ घ्या. आता सेटिंग्जमध्ये पडद्यांचे चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक पडद्यावर मोठा आकडा उमटतो. टेबलावर जो पडदा डावीकडे आहे त्याचा चौकोन ओढून डावीकडे न्या. हे केलं नाही तर माऊस उजवीकडून बाहेर पडतो आणि डावीकडच्या पडद्यावर उगवतो. चौकोन वरखाली राहिले तर तो कडेला अडकून टकरा देत बसतो. दोष माऊसचा नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

वीज हा यातला मुख्य धडा. दोन मॉनिटरला मिळून पन्नासेक वॉट आणि लॅपटॉपच्या चार्जरला 65, म्हणजे जुन्या साठच्या दोन बल्बांइतकाच भार. घरमालकांना हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगावा, कारण तीन पडदे बघून त्यांना मीटर पळताना दिसू लागतं. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. तो तुमच्या प्रतिभेचा झटका नव्हे.

आणि लाईट जाणारच. मॉनिटरला बॅटरी नसते, त्यामुळे दोन्ही पडदे काळे पडतात आणि त्यांवरच्या सगळ्या खिडक्या महाशिवरात्रीच्या यात्रेतून परतणारी माणसं शेवटच्या एसटीत घुसतात तशा लॅपटॉपच्या पडद्यावर कोंबल्या जातात. विंडोज 11 मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. लाईट आली की बहुतेक खिडक्या आपापल्या जागी परततात. राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका. तीन पडद्यांवर ‘कनेक्शन नाही’ हेच तीनदा वाचण्यात अर्थ नाही.

तिसरा पडदा कशाला, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर द्यायची गरज नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्याने काम होतं, तिसऱ्यावर क्रिकेटचा स्कोअर राहतो. शिवाय लॅपटॉप कडेला सरकतो आणि कॅमेरा त्याच्यातच असतो, त्यामुळे मीटिंगमध्ये साहेबांना महिनाभर तुमचा फक्त कान दिसतो.

मुक्काम संपला की वायरी उपसण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहा. हे टाळलं तर घरमालकांच्या डिशची एचडीएमआय वायर हमखास तुमच्या बॅगेत जाते. मग घाट उतरत असताना फोन वाजतो आणि त्या एका फोनला नेटवर्क फुल असतं.